साहित्यवाचन आणि धर्मगुरूंची घडण (कॅथलिक)

धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या तरुणांनी कथा, कादंबऱ्या, कविता वाचाव्यात आणि त्यासाठी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, वेळ राखून ठेवावा, अशी कॅथलिक चर्चमधील एक भूमिका. पोप फ्रान्सिस यांच्या १७ जुलै २०२४ च्या पत्राने तिला अलीकडे मोठे बळ दिले. पत्र मुळात पुरोहितांच्या शिक्षणापुरते योजले होते. पुढे त्याचा रोख सर्वच ख्रिस्ती श्रद्धावंतांकडे वळला.

चर्च आणि पुस्तके यांचे नाते सरळ कधीच नव्हते. संत पौलाने अथेन्समध्ये बोलताना ग्रीक कवी अराटसची ओळ आधाराला घेतली: ‘आपण त्याचाच वंश आहोत.’ चौथ्या शतकात संत बेसिलने ख्रिस्ती तरुणांना ग्रीक साहित्यातले उत्तम ते वेचून घ्यायला सांगितले. पण १५५९ मध्ये पोप चौथे पॉल यांनी निषिद्ध ग्रंथांची सूची काढली आणि ती थेट १९६६ पर्यंत टिकली.

ही सूची अजून लागू होती त्या काळात, १९६४-६५ मध्ये, अर्जेंटिनातील सांता फे इथल्या येशूसंघीय (जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या) शाळेत होर्हे बर्गोलियो, म्हणजेच पुढचे पोप फ्रान्सिस, साहित्य शिकवत होते. अभ्यासक्रमात ‘एल सिद’ हे मध्ययुगीन वीरकाव्य होते. मुलांना ते नको होते, त्यांना विसाव्या शतकातला स्पॅनिश कवी गार्सिया लोर्का हवा होता. मास्तरांनी तोडगा काढला: एल सिद घरी वाचा, वर्गात तुमच्या आवडीच्या लेखकांवर बोलू. आवडीचे वाचता वाचता मुले आपणहून इतर लेखकांकडे वळली. पत्रातला हा प्रसंग मला सगळ्या युक्तिवादांहून मोलाचा वाटतो, कारण सक्तीने वाचनाची गोडी लागत नाही हे त्यांनी वर्गात उभे राहून अनुभवले होते.

सेमिनरीत साहित्याला दुय्यम स्थान मिळते, अशी पत्राची तक्रार आहे. ज्याला लोकांची दुःखे ऐकायची आहेत, त्याला आधी दुसऱ्याच्या मनात शिरता आले पाहिजे. कादंबरी तेच शिकवते. त्यासाठी पत्र अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस यांचा दाखला देते. सुरुवातीला फारसे कळले नाही तरी चालेल, वाचताना ‘दुसऱ्याचा आवाज’ कानी पडतो, असे ते विद्यार्थ्यांना सांगत. हेच बोर्हेस १९६५ मध्ये बर्गोलियोंच्या निमंत्रणावरून सांता फेला आले होते, आणि त्या वर्गातील मुलांच्या कथासंग्रहाला त्यांनी प्रस्तावनाही लिहिली.