अनेक गावांसाठी एकच मैलागाळ प्रक्रिया केंद्र: पात्रता, निधी आणि लागणारी कागदपत्रं

गावोगावी शौचालयं झाली, आता त्यांच्या टाक्या भरू लागल्या आहेत. टाकीतला मैलागाळ उपसणारी सक्शन गाडी तो कुठे नेऊन ओतते, हे विचारलं की बऱ्याच ठिकाणी ओढ्याकडे नाहीतर पडीक रानाकडे बोट दाखवतात. एकट्या ग्रामपंचायतीला प्रक्रिया केंद्र उभारणं आणि चालवणं झेपत नाही. म्हणून स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा 2 मध्ये या कामाचा निधी जिल्हा स्तरावर धरला आहे. तो माणशी 230 रुपयांपर्यंत मिळतो, त्यात केंद्र सरकारचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40. मोरी-न्हाणीच्या सांडपाण्याचा निधी वेगळा आहे: 5000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी 280, त्याहून मोठ्या गावाला 660 रुपयांपर्यंत, आणि 2025-26 पर्यंत त्यातले 30 टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. ही दोन कामं एकाच अंदाजपत्रकात घालू नका.

कोणती गावं बसतात

आधी घरोघरी शौचालयांची पाहणी करा. दोन शोषखड्ड्यांचं शौचालय असेल तर एक खड्डा बंद ठेवून काही काळाने त्यातलं खत काढता येतं, त्या घराला गाडीची गरज नाही. एक खड्डा असेल तिथे शक्यतो दुसरा खोदून घ्यावा. उरतात सेप्टिक टँकवाली घरं, आणि केंद्राची क्षमता त्यांच्यावरच ठरते.

नवीन केंद्र मागण्याआधी जवळच्या शहराचं केंद्र पाहा. साताऱ्यात नगरपालिकेच्या केंद्राची क्षमता शिल्लक होती, म्हणून जकातवाडी, सोनगाव, कोडोली आणि देगाव ही गावं त्याला जोडण्याची योजना झाली. खटाव तालुक्यात मात्र मायणीला गावांच्या गटासाठी स्वतंत्र केंद्राचा मार्ग धरला. शहराचं केंद्र गाडीच्या आवाक्यात असेल तर पहिलाच मार्ग धरावा, असं माझं ठाम मत आहे. बांधकाम वाचतं, आणि शहराकडे चालवणारी माणसं आधीच असतात.

कागदपत्रं

प्रत्येक सहभागी गावाचा ग्रामसभा ठराव लागतो. इथे घाई नको. "केंद्रास मंजुरी देण्यात येत आहे" एवढंच लिहून भागत नाही. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: गाव कोणत्या केंद्राला जोडलं जाणार, प्रत्येक टाकी किती वर्षांनी उपसणार आणि त्यासाठी वर्षाला किती आकारणी होणार. याशिवाय:

- शौचालय पाहणीचा गोषवारा, कुटुंबसंख्येसह
- जागेचा सातबारा उतारा आणि मोजणी नकाशा. गायरान असेल तर महसूल खात्याची परवानगी
- ज्या गावात केंद्र होणार त्या ग्रामपंचायतीची नाहरकत
- सहभागी ग्रामपंचायतींमधला किंवा नगरपालिकेशी केलेला करार
- अंदाजपत्रक, आराखडा आणि तांत्रिक मान्यता
- ग्रामपंचायत विकास आराखड्यात काम घेतल्याचा पुरावा

प्रस्ताव गटविकास अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता कक्षाकडे जातो. प्रक्रिया केलेलं पाणी बाहेर सोडायचं असेल तर जल कायदा 1974 प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. ती बांधकामाआधीच मागा.

चालवायचा खर्च

बांधायला पैसे मिळतात, पण दहाव्या वर्षी डिझेल कोण भरणार, हे कुणी विचारत नाही. केंद्रं बंद पडतात ती इथेच. हिशोब सोपा आहे. समजा गटात सेप्टिक टँकची 6000 घरं आहेत. पाच वर्षांनी एकदा उपसा धरला तर वर्षाला 1200 टाक्या होतात. 300 दिवस काम चाललं तर रोज चार. टाकीमागे 3000 लिटर गाळ निघाला तर रोज 12,000 लिटरची क्षमता पुरते. एका उपशाचा आणि प्रक्रियेचा खर्च 2000 रुपये धरला, तर घरामागे वर्षाला 400 रुपये येतात. टाकी तुंबल्यावर एकदम मोठी रक्कम मागण्यापेक्षा हे 400 रुपये घरपट्टीबरोबर घेतलेले लोकांना जड जात नाहीत. वाई नगरपालिकेने असाच स्वच्छता कर आणि ठरलेल्या वेळापत्रकाने उपसा सुरू केला.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली स्वच्छतेसाठी आकारणी करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. वसुली वेगळ्या खात्यात ठेवा. वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांसाठीच वापरायच्या) निधीतला स्वच्छतेचा भाग देखभालीला वापरता येतो, पण पंधराव्या आयोगाची मुदत 2025-26 पर्यंतचीच होती. पुढच्या आराखड्यात त्या वर्षीचा शासन निर्णय पाहूनच आकडा घाला.

गाडीच्या ठेकेदाराशी करार करताना त्यात दोन अटी हव्याच. टाकीत माणूस उतरवायचा नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात माणसं गुदमरून मरतात. दुसरी अट म्हणजे प्रत्येक फेरीची तीन प्रतींत पावती: एक घरमालकाला, एक ग्रामपंचायतीला, तिसरी केंद्रावर शिक्का मारून परत आणायची. तिसऱ्या प्रतीवर शिक्का नसेल तर त्या फेरीचं बिल काढायचं नाही.