शेड्युलर बदलून संगणक वेगवान होत नाही
लिनक्सवर पर्यायी शेड्युलर (प्रोसेसरवर कोणता प्रोग्राम कधी चालेल हे ठरवणारा भाग) टाकला की जुना संगणक पळू लागतो, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ कॉन कोलिवस यांनी बीएफएस हा असाच पर्यायी शेड्युलर आणला, तेव्हापासून तर जास्तच. त्यांचं काम मोलाचंच. पण शेड्युलर प्रोसेसरचा वेग वाढवत नाही, पुढची पाळी कोणाची एवढंच ठरवतो. पार्श्वभूमीला कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल होताना गाणं अडखळत असेल, तर फरक पडू शकतो. रॅम भरून ब्राउझर गोठलाय, डिस्कचा दिवा विझतच नाही, अशा वेळी मात्र ब्राउझरची प्रोसेस स्वॅपमधून (रॅम अपुरी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा) डेटा परत येण्याची वाट बघत झोपलेली असते. झोपलेल्याला पाळी देऊन काय उपयोग? टॉप कमांड चालवा. ‘डब्ल्यूए’चा, म्हणजे डिस्कसारख्या साधनांची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा, आकडा चढलेला दिसला, तर घोडं डिस्कपाशी अडलंय.