आखून वसवलेल्या नवी मुंबईत पाणी तुंबत नाही?

‘नवी मुंबई आखून वसवली, तिथे पाणी तुंबत नाही,’ असं घर घेणाऱ्यांना वर्षानुवर्षे सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. वाशी, बेलापूरचे काही भाग भरतीच्या पातळीहून खाली आहेत, म्हणून शहर वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव (पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणारे तलाव) बांधले. भरती आली की खाडीकडची झडप पाण्याच्या दाबानेच मिटते, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला झडप उघडून खाडीत जातं. तलाव गाळाने उथळ झाला किंवा झडपेत कचरा अडकला, की पाणी रस्त्यावर येतं. त्यात तलावात कांदळवन (खारफुटीची झाडं) माजलं असेल, तर गाळ काढण्यासाठी ते तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून घर जुलैत, मोठ्या भरतीच्या वेळी पाहा. तळमजल्यावरचे वीजमीटर किती उंचीवर आहेत, तेही तपासाच.