शारीरिक आत्मप्रतिमा : विद्यार्थी, व्यायाम आणि लिंगभाव

आपले शरीर कसे दिसते आणि त्याला काय झेपते, याविषयी मनात तयार झालेले मत म्हणजे शारीरिक आत्मप्रतिमा. व्यायामाचा परिणाम या दोन्ही बाजूंवर सारखा होत नाही. वर्गात सर्वांत वेगाने धावणारी मुलगी आरशासमोर नाराज असू शकते आणि दोन जिने चढून धापा टाकणारा मुलगा स्वतःच्या रूपावर खूश.

केनेथ फॉक्स व चार्ल्स कॉर्बिन यांची १९८९ मधील प्रश्नावली मापनासाठी बरीच वापरली जाते. खेळातील प्रावीण्य, दमसास, ताकद व देहाचे आकर्षण हे तिचे चार भाग. त्यांवर एकंदर शारीरिक स्वमूल्य. प्रत्येक ठिकाणी परस्परविरोधी दोन वाक्ये असतात. आधी आपल्याला लागू पडणारे निवडायचे, मग ते कितपत लागू पडते ते सांगायचे. अर्थात यातून कळते ती ताकदीविषयीची समजूत, ताकद नव्हे.

अशा चाचण्यांत मुलांचे गुण मुलींपेक्षा सरासरीने जास्त येतात, विशेषतः ताकद व खेळ यांत. लवचिकतेत मात्र मुली मागे नसतात. हा फरक निसर्गदत्त मानण्याची घाई नको, कारण सवयीच वेगळ्या आहेत. ११ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटे हालचालीची शिफारस आहे; १४६ देशांच्या २०१६ पर्यंतच्या माहितीनुसार सुमारे ७८ टक्के मुले आणि ८५ टक्के मुली ती पूर्ण करत नव्हत्या.

नियमित व्यायाम करणाऱ्यांची आत्मप्रतिमा दोन्ही गटांत बरी आढळते. पण ज्याला आपले शरीर आवडते तोच मैदानावर टिकतो, हेही तितकेच खरे. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एका पाहणीतून ठरत नाही. तासांपेक्षा हेतू महत्त्वाचा ठरतो. वजन घटवण्यासाठी किंवा चांगले दिसण्यासाठी केलेला व्यायाम देहाविषयीच्या असमाधानाशी जोडलेला दिसतो. मजेसाठी, तब्येतीसाठी केलेला तसा नाही.

मुलींना स्वतःकडे बघ्याच्या नजरेने पाहायची सवय लागते, असे बार्बरा फ्रेडरिकसन व टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षीच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना आरसा असलेल्या खोलीत पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालायला देऊन गणिते सोडवायला लावली. पोशाखातल्या मुलींचे गुण घसरले, मुलांचे नाही. खोलीत दुसरे कोणीही नव्हते.

मुलगे यातून सुटलेले नाहीत. त्यांची तक्रार जाडीपेक्षा बहुधा स्नायू कमी असल्याची असते. पिळदार असूनही स्वतःला किरकोळ समजणाऱ्यांच्या अवस्थेला १९९७ मध्ये ‘स्नायूविषयक देहभ्रम’ अशा अर्थाचे नाव मिळाले. असा तरुण दुखापत झाली तरी व्यायामशाळा चुकवत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती शिस्त वाटते.