पदवीची मान्यता आणि पदवीची प्रतिष्ठा

दूरस्थ पद्धतीने एमबीए करू पाहणारे नोकरदार चौकशी करताना बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘ही पदवी चालते का?’ या ‘चालते’मध्ये मान्यतेचा आणि प्रतिष्ठेचा असे दोन निराळे प्रश्न मिसळलेले असतात, आणि पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असा समज करून घेतला जातो.

मान्यता कागदावर तपासता येते. मान्यताप्राप्त संस्थांनी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेल्या पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष मानल्या जातील, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले आहे. त्यामुळे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे (इग्नू) किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मान्यताप्राप्त एमबीए पात्रतेच्या रकान्यात कमी प्रतीचे ठरत नाही. मात्र संस्थेचे नाव मोठे असणे म्हणजे मान्यता असणे नव्हे. काही अभिमत विद्यापीठांनी, म्हणजे विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांनी, परवानगीविना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दणका दिला, तेव्हा हे अनेकांना फार उशिरा कळले. म्हणून विशिष्ट अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे सत्र आयोगाच्या यादीत आहे का, एवढे पाहावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

प्रतिष्ठेची अशी यादी नसते. आधीच्या तुकड्यांतील माणसे कचेऱ्यांत कशी वागली, त्यांनी कोणते काम तडीस नेले, यावरून ती हळूहळू ठरते आणि ओळखींतून पसरते. निवासी संस्थेत गटप्रकल्पासाठी रात्री जागून काढणारे सहाध्यायी एकमेकांचा आळस आणि चिकाटी दोन्ही जवळून पाहतात. त्यामुळे पुढे एखादा ‘ही बाई दिलेला शब्द पाळते’ असे सांगतो, तेव्हा त्या सांगण्याला वजन असते. दूरस्थ विद्यार्थ्याच्या वाट्याला टपालाने आलेली पुस्तके, स्वाध्याय आणि परीक्षाकेंद्रावरची अनोळखी बाके येतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात शेकडो नावे असतात खरी, पण स्वाध्यायाची शेवटची तारीख विचारणाऱ्या माणसाची कोणी शिफारस करत नाही, आणि करूही नये.

तरी एक गोष्ट दूरस्थ वर्गाच्या बाजूची आहे. तेथील बरेच सहाध्यायी आधीच नोकरीत असतात : कोणी बँकेत, कोणी औद्योगिक वसाहतीतील खरेदी विभागात, कोणी वडिलांच्या दुकानात. पूर्णवेळ वर्गातील नवपदवीधरांच्या ओळखींना फळ यायला काही वर्षे लागतात. येथील ओळख आजच उपयोगी पडू शकते, फक्त ती जुळण्याची संधी अभ्यासक्रमाने द्यायला हवी. ती संधी संपर्कसत्रांत, म्हणजे अभ्यासकेंद्रावर प्रत्यक्ष भरणाऱ्या वर्गांत असते, आणि उपस्थितीची सक्ती नसली की हीच सत्रे ओस पडतात. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी एखाद्या रविवारी अभ्यासकेंद्रावर जाऊन वर्गात किती जण बसले आहेत ते मोजावे; माहितीपुस्तिकेत हा आकडा छापलेला नसतो.