घरंच नसतील तिथला भूकंप कसा मोजायचा?

भूकंपाच्या बातमीत ‘रिश्टर स्केलवर ६.५ तीव्रतेचा धक्का’ हे वाक्य ठरलेलं असतं. चूक एकाच शब्दाची आहे, पण मला ती दरवेळी खटकते. ६.५ ही तीव्रता नव्हे, महत्ता. जमिनीखाली किती ऊर्जा सुटली, याचा तो आकडा. एका भूकंपाला एकच. तीव्रता म्हणजे अमुक एका जागी त्या हादऱ्याने काय केलं. ती गावागणिक बदलते आणि १ ते १२ अंशांत सांगतात.

हे अंश ठरवायची, इटालियन शास्त्रज्ञ मर्कालीच्या काळापासूनची रीत म्हणजे माणसांना आणि घरांना विचारणं. भांडी खणखणली का? भिंतीला तडा गेला की भिंतच बसली? पण पडलेलं घर भूकंपाइतकंच गवंड्याबद्दलही बोलतं. शिवाय दहाव्या अंशापुढे जवळपास सगळंच भुईसपाट झालेलं असतं, मग दहा आणि बारा यांतला फरक सांगणार कोण? वाळवंटात तर विचारायलाही कोणी नसतं. म्हणून २००७ साली ‘इन्क्वा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने ईएसआय (पर्यावरणीय भूकंप-तीव्रता) ही श्रेणी स्वीकारली. तिच्यात साक्ष जमिनीची: भेगा, दरडी, विहिरींचं बदललेलं पाणी, आणि माझी आवडती गोष्ट, वाळूचे उमाळे.

समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर एकाच जागी पाय थोपटत राहा. घट्ट वाटणारी वाळू हळूहळू चकाकते, वर पाणी येतं, पाय रुततो. भूकंपात हेच मोठ्या प्रमाणावर होतं. सैल वाळूचे कण एकमेकांना टेकून उभे असतात, मधल्या पोकळ्यांत पाणी. हादरा बसला की कण जवळ सरकू पाहतात. पण काही सेकंदांत पाणी जाणार कुठे? वरच्या थराचा भार मग कणांवरून पाण्यावर येतो. पाण्याचा दाब त्या भाराइतका झाला की कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जमीन चक्क द्रवासारखी वागते. १९६४ साली जपानच्या नीगाता शहरात अनेक मजली इमारती अशाच कलंडल्या, भिंती मात्र बऱ्याचशा शाबूत. दाबाखालचं पाणी वाट सापडेल तिथून वाळू घेऊन उसळतं आणि मागे छोटा शंकू राहतो, मधोमध भोक असलेला. त्याला ज्वालामुखी समजून घाबरणारे असतात, देवाचा कोप म्हणणारेही. ईएसआयवाला मात्र टेप काढतो: उमाळा साधारण मीटरभर रुंद असेल तर आठवा अंश, तीन मीटरपर्यंत असेल तर नववा.

अर्थात एकट्या उमाळ्यावर निकाल देत नाहीत. खडकाळ जागी तो होणारच नाही, आणि पावसाने भिजलेला डोंगर कमी धक्क्यातही घसरतो. म्हणून असे परिणाम किती क्षेत्रात पसरले तेही पाहतात: आठव्या अंशाला सुमारे १०० चौरस किलोमीटर, दहाव्याला ५,०००. प्रस्तरभंगाची, म्हणजे खोलवर खडक तुटून सरकतो तिथली, भेग थेट जमिनीवर आली असेल तर तिची लांबी आणि सरक वेगळी मोजतात.

दगडही बोलतात. १८९७ च्या शिलाँग भूकंपानंतर भूगर्भशास्त्रज्ञ ओल्डहॅमला असे धोंडे दिसले, जे मातीतल्या आपल्या खोबणीतून बाहेर पडले होते आणि खोबणीच्या कडा मात्र तुटलेल्या नव्हत्या. घरंगळले असते तर कडा ढासळल्या असत्या. म्हणजे ते वर उडाले होते. जमिनीचं त्वरण गुरुत्वापेक्षा जास्त झाल्याशिवाय हे घडत नाही.

वाळूच्या उमाळ्यांच्या खुणा गाडल्या गेल्या तरी टिकतात. अमेरिकेतल्या न्यू माद्रिद भागात खणलेल्या चरांच्या भिंतीत, गाळाचे थर फोडून वर गेलेल्या पांढुरक्या वाळूच्या शिरा दिसतात. तिथल्या जुन्या वस्त्यांची खापरं आणि कोळसा यांच्या वयावरून इ.स. ९०० आणि १४५० च्या सुमाराचे मोठे भूकंप ओळखले गेले. त्यांची लेखी नोंद कोणीच केलेली नव्हती.