सहावीतलं मूल, आठवीचं गणित: मागणीमागचा इतिहास

हुशार पोराला एक इयत्ता ओलांडून पुढं बसवणं मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला नवं नव्हतं. निजामाच्या राजवटीत शाळा मोजक्या आणि वरचं शिक्षण उर्दूतून. पुढं गावोगाव एकशिक्षकी शाळा निघाल्या. एकाच खोलीत चार वर्ग बसत, त्यामुळे दुसरीतल्या पोराला चौथीची गणितं येतात हे गुरुजींना फळ्यावरच दिसायचं. जन्मतारीखही बहुधा गुरुजींनीच टाकलेली, 1 जून. वयावरून हरकत कोण घेणार?

गणितात पुढं असलेल्या मुलांच्या पालकांची आजची मागणी त्याहून साधी आहे. नाव सहावीच्याच पटावर राहू द्या, फक्त गणिताच्या तासाला आठवीत बसू द्या. तरी अर्ज अडतो, आणि कारण म्हणून बोट दाखवलं जातं ते शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 4 कडे. कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. सहा वर्षांवरचं जे मूल शाळेत गेलंच नाही किंवा ज्याची शाळा मधेच सुटली, त्याला वयानुरूप वर्गात घ्यावं आणि बरोबरीला आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावं, असं हे कलम सांगतं. दिवाळीच्या सुमारास आईबापाच्या मागं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या बीड, धाराशिवकडच्या लेकरांना याचा मोठा आधार आहे. दहा वर्षांच्या पोरीला पहिलीत बसवू नये, एवढ्यासाठीची ही तरतूद. पुढं धावणाऱ्या मुलाबद्दल त्यात एक अक्षर नाही. पण कार्यालयात ‘वयानुरूप’ एवढाच शब्द वाचला जातो आणि मागं राहिलेल्यांसाठी केलेली वाट पुढं गेलेल्यांसाठी भिंत होते. 2019 च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत नापास करून मूल मागं ठेवायची मुभा राज्यांना दिली. पुढं सरकवण्याबद्दल तीही गप्पच. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांचा उल्लेख आहे, मात्र भर पूरक साहित्य, विषयवार मंडळं (क्लब) आणि ऑलिम्पियाडवर.

मुख्याध्यापकांची अडचण अगदीच खोटी नाही. सहावी आणि आठवीचा गणिताचा तास एकाच वेळी लागतो, निकालपत्रकात इयत्तेचा रकाना एकच, ऑनलाइन नोंदही एकाच वर्गाची. मन वळलंच तर परवानगी तोंडी मिळते. नवे मुख्याध्यापक आले की ती संपते.

दरम्यान लातूर-नांदेडच्या क्लासेसनी हा प्रश्न कधीच सोडवून टाकला. आठवीपासून ‘फाउंडेशन’ बॅच, नववीतल्या पोरांसमोर अकरावीचं भौतिकशास्त्र. वय कुणी विचारत नाही, फी विचारतात. म्हणजे विषयापुरतं पुढं जाणं इथं रोज चालतं, फक्त शाळेच्या फाटकाबाहेर. आणि दहावी लवकर द्यायची म्हटली तर 17 नंबरच्या फॉर्मलाही, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याच्या अर्जालाही, 14 वर्षं पूर्ण लागतातच. त्यामुळे आठवीचं गणित संपवलेलं मूल वार्षिक परीक्षेला सहावीचाच पेपर सोडवतं, आणि तेवढेच गुण त्याच्या निकालपत्रकावर चढतात.